मनोरंजन ब्यापारी नक्की कशामुळे बदलले? तुरुंगातल्या वाचनवर्गासाठी विचारतेय

शनिवारवर्ग:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. मी विदर्भातल्या एका तुरुंगात दर शनिवारी दीड तास वाचनवर्ग घेते. पंधरा-सोळा जण येतात, बहुतेक कच्चे कैदी, त्यातले चौघे नक्षल केसमधले. त्यांच्यात एक पोरगा आहे, मराठी वाचतो पण जोडाक्षर आलं की त्याचं बोट त्या अक्षरावर थांबतं आणि तो मान वर करून बघत बसतो, कुणी सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. मागच्या शनिवारी वर्ग संपता संपता त्याने विचारलं, ताई, बंदूकवाल्याचं लिहिलेलं कुणी छापतं का. मी लगेच हो म्हटलं आणि बंगालीतल्या मनोरंजन ब्यापारींचं नाव सांगितलं, की ते नक्षल चळवळीत होते, तुरुंगात गेले, तिथे अक्षर शिकले, नंतर रिक्षा ओढली आणि लेखक झाले. आता पुढच्या शनिवारी सगळ्यांना ती गोष्ट नीट ऐकायचीय आणि माझ्याकडे ही चार वाक्यंच आहेत.

मला "वाट चुकलेला पोरगा सुधारला" छापाचं काही सांगायचं नाही. असलं त्यांनी खूप ऐकलंय, दुसऱ्या वाक्याला कळतं त्यांना की आता उपदेश येणार. मला खरंच जाणून घ्यायचंय की हा माणूस त्यातून बाहेर कसा आला, कुणी समजावलं म्हणून, की मार पडला म्हणून, की पुस्तकामुळे? ज्यांनी त्यांचं आत्मचरित्र वाचलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

जादवपूरहून_परत:
नोकरीनिमित्त सात वर्षं कोलकात्यात होतो, घर जादवपूरलाच, आणि त्यांचं आत्मचरित्र 'इतिवृत्ते चांडाल जीवन' मी बंगाली शिकत शिकत वाचलंय म्हणून जवळचा विषय आहे. तुम्ही कुणी समजावलं का विचारताय, पण सुरुवात भुकेपासून करा असं मला वाटतं. जन्म बारिसालचा, आताच्या बांगलादेशातला, जात नमशूद्र, म्हणजे बंगालमधली एक दलित जात. फाळणीनंतर लहानपणीच घरच्यांबरोबर पश्चिम बंगालच्या निर्वासित छावणीत. बहीण भुकेने गेली असं त्यांनी लिहिलंय. पोरवयातच घर सोडलं, गुरं राखली, चहाच्या टपरीवर कपबशा धुतल्या, गावोगाव भटकले आणि कित्येक ठिकाणी राबवून घेऊन मजुरी बुडवली. अशा मुलाला १९७० च्या आसपासच्या कोलकात्यात, जिथे भिंतीभिंतीवर क्रांतीच्या घोषणा होत्या, कुणी म्हटलं की हे सगळं उलटवता येतं तर तो जाणारच हो. पोथी वाचून नाही गेला, वाचताच येत नव्हतं.

मग तुरुंग. तिथे एका वयस्कर कैद्याने त्यांना अक्षरं शिकवली. पाटी-पेन्सिल नाही, अंगणातल्या धुळीत काडीने गिरवायचं, हाताने पुसायचं, परत गिरवायचं. तेव्हा वय विशीतलं, म्हणजे तुमच्या त्या पोराएवढंच असेल. हा भाग नक्की सांगा.

पण बाहेर आल्यावर काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाहेर आले तर काम तेच, सायकल रिक्षा. फरक एवढाच की आता सीटखाली पुस्तक असायचं आणि स्टँडवर नंबर येईपर्यंत वाचत बसायचे. वाचताना एक शब्द अडला, जिजीबिषा. आपला जिजीविषा हो, तोच. दोन-चार जणांना विचारला, कुणाला सांगता येईना. एक दिवस कॉलेजजवळून एक वयस्क बाई रिक्षात बसल्या, शिकवणाऱ्या वाटल्या म्हणून धीर करून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, जगण्याची इच्छा, पण हा शब्द तुला कुठे सापडला? मग कुठवर शिकलास वगैरे बोलणं झालं आणि उतरताना म्हणाल्या, मी एक नियतकालिक काढते, त्यात तुझ्यासारखे कष्टकरी लिहितात, तूही लिही. आणि कागदावर नाव-पत्ता लिहून दिला. नाव महाश्वेता देवी, बंगालीतल्या मोठ्या लेखिका. त्याच वेळी सीटखाली जे पुस्तक होतं ते त्यांचंच, 'अग्निगर्भ'. १९८१ साली त्यांच्या 'बर्तिका' नियतकालिकात या रिक्षावाल्याचा पहिला लेख आला, रिक्षा ओढण्यावरच.

बघा ना, बाईंनी त्यांना तू पूर्वी काय केलंस असं विचारलंच नाही, शब्द कुठे सापडला हे विचारलं. मला तर सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात दिसते. राग त्यांचा आजही गेलेला नाही, कुठलंही पान उघडा, जातीबद्दल, भुकेबद्दल धगधगतंय. फक्त त्या रागाला करायला दुसरं काम मिळालं.

मुलचेऱ्याची:
हे वाचून राहवलं नाही. मी गडचिरोली जिल्ह्यातली, मुलचेरा तालुका, आमचं गाव बंगाली निर्वासितांचं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना सरकारने दंडकारण्यात पाठवलं ना, त्याच काळात चामोर्शी-मुलचेरा भागातही गावं वसवली, चंद्रपूरचा बंगाली कॅम्प तर सगळ्यांना माहीत असेल. माझी आजी नमशूद्र, शेवटपर्यंत मराठी धड आली नाही तिला. ती सांगायची, ट्रकमधून उतरवलं तेव्हा समोर नुसतं सागाचं जंगल, नदी कुठे विचारलं तर कुणाला भाषाच कळेना. नदीकाठच्या, भात-मासळीवर वाढलेल्या बाईला तिथे आणून टाकलेलं.

ब्यापारींच्या घरच्यांनी दंडकारण्यात जायला नकार दिला होता, म्हणून सरकारी मदत तुटली आणि उपासमार आली. जे गेले त्यातले हजारो १९७८ मध्ये परत बंगालकडे निघाले आणि सुंदरबनात मरिचझापी बेटावर वस्ती केली, स्वतः शाळा बांधली, दवाखाना काढला. १९७९ मध्ये सरकारने आधी नाकेबंदी केली, मग मे महिन्यात पोलिसांकरवी बेट रिकामं केलं. किती माणसं गेली यावर अजून वाद आहे. ब्यापारींचे वडीलही तिथे गेले होते. आणि ते सरकार डाव्यांचं, गरिबांचं म्हणवणारं. ज्याने हे घरात भोगलं त्याला कुठल्याही झेंड्यावर आंधळा विश्वास ठेवणं अवघडच. म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाला पुस्तकामुळे किंवा मारामुळे असं एकच उत्तर देऊ नका. आणि तुमच्या वर्गात आमच्या भागातलं कुणी असेल तर त्याला सांगा की ही माणसं तुझ्या शेजारच्या गावची आहेत, लांबची नाहीत.

धानोरा_मास्तर:
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. धानोरा भागात मी एकवीस वर्षं शाळेत काढली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना नक्षल्यांनी रात्री घरातून उठवून नेलं, पोलिसांचा खबऱ्या म्हणून, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि त्यावर कागद. पोरगा सातवीत होता, पुढचे चार महिने वर्गात एक शब्द बोलला नाही. त्यामुळे हत्यार सोडून लेखक झाला हे वाचलं की मला आधी तो पोरगा आठवतो, त्याची गोष्ट कोण छापणार?

तरी तुम्ही वर्ग घ्या आणि ही गोष्ट सांगाच. फक्त रिक्षापाशी थांबू नका. ब्यापारी नंतर छत्तीसगडला गेले, कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या छत्तीसगड मुक्ती मोर्चात काम केलं. त्यांचं लोहखाणींचं गाव दल्ली राजहरा आमच्यापासून काही फार लांब नाही. नियोगीसुद्धा काही काळ नक्षल गटात होते, पण पुढे त्यांनी लोहखाणीतल्या मजुरांची युनियन बांधली, दारूविरोधात बायका उभ्या केल्या, आणि मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. संघर्ष और निर्माण म्हणायचे ते. २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेत असताना गोळी घातली त्यांना. बंदूक न घेता काम केलं म्हणून सुखरूप राहतो असं नाही, हे पोरांना खोटं सांगू नका, पण ते हॉस्पिटल आजही चालू आहे हेही सांगा. आमच्याकडे २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठा नक्षल नेता भूपती आणि त्याच्याबरोबरच्या साठेक जणांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. घर, पैसे, नोकरीचं बोलतात सगळे. त्यांच्या हाताला गुंतवून ठेवणारं काय देणार आणि मेलेल्यांच्या घरच्यांपुढे ते कसे उभे राहणार, याबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलं नाही.

पारनेरकर:
मास्तर, मनापासून पटलं. आपल्याकडचं सेनापती बापटांचं उदाहरणही सांगता येईल. पॅरिसला बाँबची विद्या शिकून आलेला माणूस पुढे पारनेरात रोज सकाळी झाडू घेऊन रस्ते झाडायचा, मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी १९२१ पासून सत्याग्रहात उतरला, श्रीअरविंदांचं लेखन मराठीत आणलं. पण त्याच मुळशीत १९२४ मध्ये रेल्वे अडवताना त्यांनी परत हत्यार हातात घेतलं आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. म्हणजे एकदा सोडलं की सुटलं, असं होत नाही. पोरांना हे आवडेल, कारण खरं आहे.

जादवपूरहून_परत:
मास्तर, तुमच्या विद्यार्थ्याबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. बरोबर आहे तुमचं. एक राहिलं होतं ते सांगतो. इतकं लिहून झाल्यावरही ब्यापारी वर्षानुवर्षं कोलकात्याच्या मुकुंदपूरला मूकबधिर मुलांच्या शाळेत स्वयंपाकी होते, मोठमोठी पातेली उचलायची, भट्टीसमोर उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं. आत्मचरित्राच्या इंग्रजी अनुवादाला २०१८ चा 'द हिंदू' पुरस्कार मिळाला तेव्हाही नोकरी तीच. २०२० मध्ये राज्याच्या दलित साहित्य अकादमीचे अध्यक्ष झाले, २०२१ ला तृणमूलच्या तिकिटावर बलागढहून आमदार. तुमच्या मुलांना आमदारकीपेक्षा पातेल्यांचं सांगा.

शनिवारवर्ग:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्ग झाला. धुळीतली काडी, रिक्षा, मरिचझापी, दल्ली राजहरा, सगळं सांगितलं. मास्तर, तुमच्या विद्यार्थ्याचंही सांगितलं, गावाचं नाव न घेता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग त्या चौघांपैकी जो सगळ्यात मोठा आहे तो उठून पाणी प्यायला गेला आणि वर्ग संपेपर्यंत दाराजवळच उभा राहिला. मी काही विचारलं नाही.

आणि तो पोरगा, त्याने जिजीविषा शब्द फळ्यावर लिहून मागितला. पहिला जि ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, ते त्याने दोनदा विचारून घेतलं. जोडाक्षर नाही म्हणून खूश होता. पुढच्या वेळी त्याला एक पान लिहून आणायचंय, आईच्या मोहाच्या टोपलीबद्दल म्हणाला. वह्या आत नेता येतात पण पिनवाल्या चालत नाहीत, धाग्याने शिवलेल्या लागतात. नागपुरात अशा वह्या घाऊकमध्ये कुठे मिळतील, वीसेक हव्यात?

मुलचेऱ्याची:
महाल भागात बाईंडिंगवाल्यांकडे विचारा, ते कोऱ्या कागदाच्या शिवून देतात. पाच वह्यांचे पैसे मी पाठवते, मेसेज करा.