मदत हवी आहे: सजगता (माइंडफुलनेस) / करुणा ध्यानाचा खरंच उपयोग होतो का? (घरी स्मृतिभ्रंशाचा पेशंट आहे)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. लांबला तर सांभाळून घ्या.

घरी सासूबाई आहेत, वय ८१. तीन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. दिवसा बऱ्या असतात. रात्री अडीच-पावणेतीनला उठतात, नेसत्या साडीवरच दुसरी साडी गुंडाळतात आणि शाळेला उशीर होतोय म्हणून दाराची कडी काढायला जातात. (तेहतीस वर्षं शिक्षिका होत्या.) कडी वाजली की मी उठून बसते. हल्ली न वाजताही बसते. नवऱ्याची फिरतीची नोकरी, त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस मी एकटी. मी ५२, ठाण्यात राहते, घरूनच अर्धवेळ अकाउंट्सचं काम करते.

मागच्या महिन्यात बीपी १४८/९४ निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि दार लोटता लोटता म्हणाले, "मेडिटेशन वगैरे काहीतरी करा." त्या 'वगैरे'त मी तीन आठवडे अडकलेय.

सजगतेचा एक ऑनलाइन कोर्स सापडलाय. आठ आठवडे, चौदा हजार रुपये, शिवाय रोज घरी ४५ मिनिटं सराव. माहितीपत्रकात ठळक अक्षरात, 'आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, विज्ञानाने सिद्ध'. भाऊ म्हणतो, पैसे कशाला घालवतेस, इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये. पुतणीने मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलंय, त्यात करुणा ध्यान आहे.

मी थोडं वाचलं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांवर कशानेच उतार न पडणाऱ्या पेशंटसाठी हा आठ आठवड्यांचा प्रकार सुरू केला, इथवर कळलं. पुढे नुसते आकडे आणि तारे.

अ‍ॅपही लावून पाहिलं. एक गोड बाई म्हणाल्या, डाव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्या. अंगठ्यावरून घोट्यापर्यंत पोचते तोवर बाथरूममध्ये बादली पडली.

आणि खरं सांगू का, 'करुणा' हा शब्दच डोक्यात जातो. गेल्या गुरुवारी रात्री मी सासूबाईंच्या हातातली पर्स हिसकावली आणि ओरडले, "बंद झाली तुमची शाळा!" त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. तीन वर्षं मी दुसरं काय करतेय? माया आटत चाललीय. तीच अजून उपसायला लावणारं ध्यान मला नको आहे.

तर, या संशोधनात खरं किती आणि जाहिरात किती? माझ्यासारखीने कुठून सुरुवात करावी? अध्यात्माला ना नाही, पण आधी पुरावा सांगा.

– दुपारचा_चहा

*

आकडेमोड्या:
औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा जरा खडूस वाटेल.

ते मेंदूचं वाक्य आधी खोडा. २०११ मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. कोर्स केलेले जेमतेम सोळा लोक, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधला (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) करडा भाग थोडा वाढलेला दिसला. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. २०२२ मध्ये मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या, रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर नीट तुलना केली. रचनेत फरक सापडला नाही. ही माणसं ध्यानाची विरोधक नव्हेत, उलट आयुष्यभर त्यातच काम करणारी आहेत, म्हणून मला तो निकाल जास्त मोलाचा वाटतो.

म्हणून कोर्स बोगस, असं नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्या (एकूण ३,५१५ लोक) एकत्र तपासल्या गेल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा पण खरा फरक पडतो, त्याला मध्यम दर्जाचा पुरावा आहे. औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचं मात्र दिसलं नाही. २०२२ ची आणखी एक चाचणी: चिंतेचे आजार असलेल्या २७६ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला हा आठ आठवड्यांचा कोर्स, दुसऱ्याला एसिटालोप्राम ही चिंता-नैराश्यावरची गोळी. चिंता दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरली.

मेख इथेच आहे. गोळीच्या चाचणीत तुलनेसाठी दुसऱ्या गटाला साखरेची गोळी (दिसायला तशीच, आत औषध नाही) देता येते. ध्यानाची साखरेची गोळी कशी बनवणार? आपण ध्यान करतोय हे करणाऱ्याला माहीतच असतं. कित्येक अभ्यासांत तर दुसऱ्या गटाला नुसतं प्रतीक्षायादीत बसवलेलं असतं. आठवड्यातून एकदा कोणीतरी आपुलकीने अडीच तास विचारपूस केली तरी माणसाला बरं वाटणारच की!

ध्यान करा न करा, बीपीची गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका.

गिरणाकाठ:
धम्मगिरीला (इगतपुरीचं ते विपश्यना केंद्र) तीन शिबिरं केलीत, म्हणून लिहितो. पहाटे चारला घंटा, फोन जमा, मौन. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. मैत्रीभावना (सगळ्यांचं भलं चिंतणं) शेवटी, मौन सुटताना. फी नाही, शेवटी इच्छा असेल तर दान. मला पुष्कळ फायदा झाला आणि मी ते कोणालाही सांगतो.

तुम्हाला मात्र आत्ता सांगणार नाही. तीन वर्षं झोपमोड झालेल्या माणसाने एकदम रोज दहा तास बसणं ही उडी फार मोठी आहे. दुसऱ्या शिबिरात सहाव्या दिवशी मला कारण नसताना इतकी भीती वाटली की रात्रभर दिव्याखाली बसलो होतो. आचार्यांनी सांभाळून घेतलं. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन ध्यानातून होणाऱ्या अशाच त्रासांचा अभ्यास करतात. कधी गेलातच तर फॉर्ममध्ये आजार, औषधं सगळं खरं लिहा.

आणि बंधुराजांना विचारा, त्या दहा दिवसांत सासूबाईंजवळ कोण झोपणार? ते?

साधीसुधी:
गिरणाकाठ +१००. शेवटच्या ओळीसाठी आणखी शंभर.

ताई, मी वडिलांचं पाच वर्षं केलं. रागावू नका, पण आधी माणूस लावा, मग श्वास. आठवड्यातून दोन रात्री जरी बाई मिळाली तरी बीपीवर कुठल्याही ध्यानाआधी फरक दिसेल (हे विज्ञान नाही, माझा अनुभव).

दाराला दाराच्याच रंगाचा पडदा लावा. आमच्याकडे बाबांना दार 'दिसेनासं' झालं आणि रात्रीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. "शाळा बंद झाली" म्हणू नका, "आज सुट्टीची नोटीस आलीय" म्हणा. रात्रीचं उठणं अचानक वाढलं असेल तर लघवीची तपासणी करून घ्या, जंतुसंसर्गानेही असं होतं.

पर्सबद्दल मनाला लावून घेऊ नका. मी बाबांचा चष्मा फेकला होता.

दुपारचा_चहा:
सुट्टीची नोटीस! काल रात्री करून पाहिलं. विचारलं, "कोणाची सही आहे?" म्हटलं, मुख्याध्यापकांची. "मग ठीक," म्हणाल्या आणि झोपल्या.

भावाला तो प्रश्न फॅमिली ग्रुपवरच विचारला. दोन निळ्या टिका आल्यात.

आकडेमोड्या, चौदा हजार वाचवलेत, आभार. करुणेचं मात्र कोणीच बोललं नाही.

पारिजातक_७:
मी समुपदेशक आहे, म्हणून थांबले होते. तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे, कारण संशोधनातही तो असाच पुढे आला.

मेंदूशास्त्रज्ञ तान्या सिंगर सहवेदनेवर काम करत होत्या. माथ्यू रिकार या बौद्ध भिक्षूंना त्यांनी स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं, करुणा बाजूला ठेवा, दुसऱ्याचं दुःख फक्त आपल्यात उतरू द्या. रिकार यांनी आदल्या रात्री अनाथाश्रमातल्या हालात जगणाऱ्या मुलांवरचा माहितीपट पाहिला होता, तीच मुलं डोळ्यांपुढे आणली. हजारो तास ध्यान केलेला माणूस, पण थोड्याच वेळात थकून गेला. आता मला करुणेवर येऊ द्या म्हणाला, आणि आल्यावर तो थकवा गेला.

नंतर साध्या लोकांवरही पाहिलं. दुःखाचे व्हिडिओ दाखवले. आधी सहवेदनेचं प्रशिक्षण दिलं, तर लोकांचा त्रास वाढला. मग त्याच लोकांना करुणेचं दिलं, तर त्रास खाली आला आणि आपुलकीची भावना परत आली. मेंदूतही दोन वेगळी जाळी उजळली. पहिल्यात वेदनेशी जोडलेली, दुसऱ्यात माया आणि समाधानाशी.

म्हणजे ताई, तीन वर्षं तुम्ही उपसताय ती बहुधा करुणा नाहीच, सहवेदना आहे. त्यांची भीती तुमच्या अंगात शिरते आणि मग ती कुठेतरी ओरडून बाहेर पडते. आपल्याकडे मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी एकत्र सांगतात ते उगीच नाही. त्यातली उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, बुडणाऱ्याला हात देताना आपला पाय जमिनीवर असणं.

आता तुमच्या ४५ मिनिटांच्या अडचणीबद्दल. सिंगर यांच्याच नऊ महिन्यांच्या मोठ्या प्रकल्पात लोकांना रोज दहा मिनिटं जोडीदाराशी फोनवर एक सराव करायला लावला होता. पहिली पाच मिनिटं एकाने बोलायचं: गेल्या दिवसातला एक अवघड प्रसंग आणि तेव्हा अंगात काय झालं, मग एक गोष्ट जिच्याबद्दल कृतज्ञ वाटलं. दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. सल्ला नाही, 'हो ना गं' नाही, काही नाही. मग अदलाबदल. पुढे या लोकांना कडक परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला उभं केलं. फक्त श्वास-शरीराकडे लक्ष देण्याचा सराव केलेल्यांना ताण कमी जाणवला, पण कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) उतरलं नाही. जोडीने सराव केलेल्यांचं, काहीच सराव न केलेल्यांपेक्षा ५१ टक्क्यांपर्यंत कमी वाढलं. ही धडधाकट माणसं होती, रात्री तीनला कडी ऐकणारी नव्हती, हे लक्षात ठेवून वाचा.

सोबत जमलं तर झोपताना एखाद्या सोप्या माणसापासून सुरुवात करून मनात 'तुला बरं वाटो, तुला भीती न वाटो' म्हणा. मग स्वतःला. सासूबाईंवर लगेच जाऊ नका.

सतत रडू येतंय, काही नकोसंच वाटतंय असं होत असेल तर ध्यानावर थांबू नका. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन मराठीतही बोलते.

दुपारचा_चहा:
परवा वाचलं तेव्हा उत्तर लिहिता आलं नाही. 'करुणा नाहीच, सहवेदना आहे' हे वाक्य स्वयंपाकघरात उभं राहून चारदा वाचलं, तेवढ्यात भाजी लागली.

सांगलीच्या धाकट्या बहिणीला विचारलं. ती आयुष्यात कधी पाच मिनिटं गप्प बसलेली नाही. रात्री साडेनऊला फोन लावतो, घड्याळ लावून. आज आठवा दिवस. पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला तिने "मग तू..." म्हणून सुरुवात केलीच, मी घड्याळ परत शून्यावर नेलं. काल तिने तिच्या पाच मिनिटांत जे सांगितलं ते मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.

बीपी शनिवारी १४२/९०. आकडेमोड्या म्हणतील गोळीचं आहे. असेल.

ओरडले एकदा, सोमवारी. दोघी मग कडीजवळच्या स्टुलावर बसून पाणी प्यायलो.

पडदा शिवायला टाकलाय. आता खरी मदत हवी आहे ती ही: ठाणे-मुलुंडकडे आठवड्यातून दोन रात्री येणारी, अशा पेशंटची सवय असलेली बाई कोणाच्या माहितीत आहे का? साधारण काय घेतात? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.