स्टेशनवरच्या पोराचं सोल्युशन ओढणं सोडवताना तंबाखू चालू ठेवू द्यावी का?

पूर्वा_के
कल्याण स्टेशनबाहेर आम्ही चौघं शनिवार-रविवार संध्याकाळी रस्त्यावरच्या पोरांना शिकवायला बसतो. त्यातला एक १६-१७चा असेल, दिवसभर बाटल्या गोळा करतो, तंबाखू-चुना कायम तोंडात, वर फडक्यावर सोल्युशन, म्हणजे पंक्चर चिकटवायचा गोंद, घेऊन ओढतो आणि पैसे असले की रात्री गांजा नाहीतर बटणं म्हणजे त्या झोपेच्या गोळ्या. आमच्यातले दोघं म्हणतात आधी सोल्युशन सोडवू, तंबाखू एवढी तरी असू दे बिचाऱ्याला. मला पटत नाहीये पण काय सांगू तेही कळत नाही. कोणी असं काम केलंय का?

प्लॅटफॉर्म४
ताई मी स्वतः ११ ते १८ वयापर्यंत स्टेशनवर होतो. तंबाखू आम्ही भूक मारायला खायचो, वडापाव एकट्याचा संपतो पण पुडी चौघांना पुरते. नवीन पोरगा आला की आधी त्याच्या हातावर तीच ठेवायची, खाल्ली की तो आपला. मग तीच पोरं रात्री फडकं पुढे करतात तेव्हा नाही कसं म्हणणार. सोल्युशन ओढलं की थंडी कळत नाही, मार लागलेला दुखत नाही, मोठी पोरं येतील ही भीती जाते. शेल्टरमध्ये दोन वेळचं जेवण आणि आतून कडी लागणारी खोली मिळाली तेव्हा माझं सुटलं. पण तंबाखू ठेवली होती, ती घ्यायला जुन्याच टपरीवर जायचो, तिथे जुनेच मित्र, तीन महिन्यांत फडकं परत हातात. दुसऱ्या वेळी दोन्ही एकदमच सोडलं.

सिस्टर_नाईट
व्यसनमुक्तीत नर्स आहे. वरच्या दादांचं अगदी बरोबर, तंबाखू सोबत सोडवली तर बाकीचं बिघडतं हा गैरसमज आहे, उलट मदतच होते. पण एक नीट ऐका, तो ओढत असताना फडकं हिसकावू नका, ओरडू नका, मागे धावू नका. सोल्युशनमध्ये टोल्युइन नावाचं रसायन असतं, त्या अवस्थेत मूल घाबरून पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून जागीच दगावू शकतं. मोकळ्या हवेत बसवा, जवळ बिडी पेटवू देऊ नका, बोलणं नंतर. आणि बटणं रोजची असतील तर एकदम बंद करायची नाहीत, फिट येऊ शकते, ती डॉक्टरच कमी करत आणतील. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, तंबाखूसाठी १८००-११-२३५६ आहे. तो अठराच्या आत असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८ आजच लावा, बालकल्याण समितीमार्फत राहायची सोय होऊ शकते, अठरा झाले की तो रस्ता बंद. शिवाय २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे, टपरीवाल्याला हे जाऊन सांगा.

पूर्वा_के
मागच्या रविवारी मीच त्याच्या हातातून फडकं ओढून घेतलं होतं, वाचून हातपाय गार पडले. १०९८ लावला आत्ता. त्याला स्वतःचं वय नक्की माहीत नाही, कागद एकही नाही, अशा वेळी समिती वय कसं ठरवते?

सिस्टर_नाईट
शाळेत कधी गेला होता का विचारा, तिथला दाखला आधी बघतात, मग जन्माचा दाखला, काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. कागद नाहीत म्हणून थांबू नका. आणि शनिवारी वह्यांच्या आधी जेवण न्या.