दोघांनी मिळून परदेशातल्या विपश्यना केंद्रात सेवा द्यायची आहे, दिवस कसा जातो?

लोकमान्यनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. मी ६२ वर्षांची, हे ६८. मी शाळेतून निवृत्त झाले, हे वीज मंडळातून. इंदूरला गोमटगिरीजवळच्या धम्म मालवा केंद्रात आम्ही दोघांनी विपश्यनेची, म्हणजे मौन पाळून ध्यानाला बसायची, दहा दिवसांची शिबिरं केली आहेत, मी तीन आणि ह्यांनी दोन. लेक बर्मिंगहॅमला असते. मे महिन्यात तिच्याकडे जातोय, तेव्हा तिथल्या हेरफर्डशायरमधल्या धम्म दीप केंद्रात दोघांनी सेवा द्यावी असं फार दिवसांपासून मनात आहे.

घरात सांगितलं तर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, म्हणजे ह्या वयात मिशनरी होऊन चाललात की तुम्ही." काळजीनंच म्हणाले ते, पण वाक्य मनातून जात नाही.

ह्यांना साखर आहे, रात्री पोटात काही गेल्याशिवाय चालत नाही. माझं इंग्रजी कामापुरतं. नवरा-बायकोला एक खोली मिळते का? आणि सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय काय करावं लागतं? ज्यांनी प्रत्यक्ष सेवा दिली आहे त्यांनी सांगावं.

राजेंद्रनगरची_आजी

ताई, आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी तिथेच होतो, पाठोपाठच्या दोन शिबिरांना. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खोलीचं. एक खोली मिळत नाही. शिबिर चालू असताना पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, आणि हे सेवकांनाही लागू. ह्यांना पुरुषांकडची व्यवस्था दिली होती, मला स्वयंपाकघर. आमच्या लग्नाला ४१ वर्षं झाली, पण एकाच आवारात राहून दहा दिवस एकमेकांशी बोललो नाही असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. पहिले दोन दिवस मला फार जड गेले. जेवले असतील का, स्वेटर घातला असेल का, हेच डोक्यात.

मग मला घंटा ऐकू यायला लागली. पहाटे चारला पहिली घंटा होते. पुरुषांच्या बाजूची ह्यांच्याकडे होती. ती हातात धरून काळोखात एकेका इमारतीपाशी थांबून वाजवायची. तीन ठोके, मग चालणं, पुन्हा तीन ठोके. मी पलीकडे अंथरुणात पडून ऐकायची. सहाव्या दिवशी दोन थांब्यांमधला वेळ वाढला. उजवा गुडघा धरला, हे मला तिथल्या तिथे कळलं. आमच्या घरी जिना चढताना हे असेच मध्ये थांबतात. नी-कॅप नेमकी माझ्या बॅगेत राहिली होती. बायकांकडच्या व्यवस्थापिकेच्या हाती दिली, तिनं पलीकडे पोचवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ठोके पुन्हा जवळजवळ आले आणि मी उठून तोंड धुतलं. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य होतं, "नी-कॅप तूच पाठवलीस ना?"

आता दिवसाचं. साडेसहाला नाश्ता, त्यामुळे स्वयंपाकघरात अंधारातच उतरावं लागतं. शंभराहून जास्त माणसांचे ओट्स भल्या मोठ्या पातेल्यात शिजवायचे. तळाला लागू नयेत म्हणून उलथनं फिरवत राहायचं, खांदा भरून येतो. आठ ते नऊ सगळ्यांबरोबर साधनेला बसायचं. सेवकांनाही दिवसातून तीनदा बसायचं असतं, सकाळी आठला, दुपारी अडीचला आणि संध्याकाळी सहाला. अकराला जेवण. म्हणजे नऊ ते अकरा श्वास घ्यायला फुरसत नाही. मग भांडी, ओटे, फरशी. त्यानंतर थोडी विश्रांती मिळते, ती मात्र जरूर घ्या. पाचला चहा आणि नव्या साधकांना फळं. रात्री नऊला सगळे सेवक आचार्यांजवळ थोडा वेळ मैत्रीला, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं ह्या भावनेनं ध्यानाला, बसतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत दिवसभराची कुरबूर निवळून जाते. कुरबूर होतेच. माझी झाली. मी आयुष्यभर मीठ अंदाजानं घातलं, आणि तिथे वहीत ग्रॅममध्ये माप. विशीतली एक मुलगी वजनकाटा पुढे करून उभी राहिली तेव्हा मला राग आला होता. दोन दिवसांनी कळलं की दर शिबिराला सेवक बदलतात, आणि तरीही जेवण तेच राहतं ते ह्या वहीमुळे.

जेवण शाकाहारी असतं, पण आपल्या चवीचं नाही. पोह्यांवर घालतो ती जिरावणाची पुडी मी नेली होती. न उघडता परत आणली. सगळ्यांसाठी जे शिजतं तेच आपण खायचं, मला ते बरं वाटलं. साखरेचं अर्जातच लिहा, तब्येतीची माहिती विचारलेली असते. सेवकांना संध्याकाळी खाता येतं, त्याची चिंता नको. औषधं मात्र सगळ्या दिवसांची न्या.

आणि तुमच्या दिरांना माझा नमस्कार सांगा. मिशनरी शब्दाचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्या इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज १८८७ मध्ये कॅनडाहून आलेल्या मिशनऱ्यांनीच सुरू केलं, माझे वडील तिथेच शिकले आणि शेवटपर्यंत त्या मास्तरांचं नाव आदरानं घेत. पण हे काम वेगळं आहे. इथे कुणाच्या दारी जायचं नाही, कुणाला ओढून आणायचं नाही. जो आपण होऊन दहा दिवस डोळे मिटून बसायला आलाय, त्याला गरम जेवण वेळेवर मिळावं, संडास स्वच्छ असावा, एवढं पाहायचं. साधकाकडून फी घेत नाहीत, आणि ज्यानं शिबिर पूर्ण केलंय त्याचंच दान घेतात. सेवकाला पगार नाही, राहण्या-जेवणाचा खर्चही नाही. तिकीट तेवढं आपलं.

बर्मिंगहॅमवासी

काकू, व्हिसाचं आधी बघून घ्या. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करता येते, पण एकूण ३० दिवसांपर्यंतच. येण्या-जाण्याचे दिवस धरून एका शिबिराला १२ दिवस लागतात, तेव्हा दोन शिबिरं आरामात बसतात. तिसऱ्याचा मोह नको. व्हिसाच्या अर्जात मुलीकडे जाण्याबरोबर सेवेचंही स्पष्ट लिहा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. बर्मिंगहॅमहून हेरफर्डला थेट रेल्वे आहे, साधारण दीड तास.

जुनी_इंदूर_७१

मनापासून विचारतो, राग मानू नये. भांडीच घासायची तर धम्म मालवात का नाही? हातोद रस्त्याला सिटीतून तासाभरात पोचतो माणूस. आपल्याकडेही सेवक कमी पडतात.

राजेंद्रनगरची_आजी

भाऊ, तुमचं खरं आहे. आम्ही दरवर्षी मालवात एक शिबिर देतोच, आणि ताईंनीही आधी दोघांनी मिळून तिथे एक द्यावं. नवरा-बायकोनं वेगवेगळं राहण्याची सवय घराजवळ केलेली बरी.

पण हेरफर्डशायरचं एक सांगते. ही शिबिरं ज्यांच्या पद्धतीनं चालतात ते गोयंकाजी मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे. १९६९ मध्ये भारतात येऊन त्यांनी शिबिरं सुरू केली, २०१३ मध्ये गेले. आजही जगभर त्यांच्याच आवाजातल्या रेकॉर्डिंगवर शिबिर चालतं. सूचना इंग्रजीत असल्या तरी त्यांचे हिंदी दोहे तिथेही तसेच लावतात. त्या स्वयंपाकघरात हिंदी समजणारी मी एकटी. ती वजनकाटावाली मुलगी पाच वर्षं हे दोहे ऐकत होती. तिला त्यांचा सूर पाठ होता, अर्थ ठाऊक नव्हता. अकराव्या दिवशी गाजरं सोलता सोलता तिनं मला विचारलं, तो शब्द सारखा येतो, मंगल, त्याचा अर्थ काय? मला एका शब्दात सांगता येईना. मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे लग्नात अंतरपाट धरून जे म्हणतात त्यातही हाच शब्द आहे, आणि घरात बाळ आलं की लोकांच्या तोंडी हाच असतो. तिनं सोलणं ठेवून दिलं आणि अंतरपाट म्हणजे काय ते दोनदा विचारलं. ताईंनी इंग्रजीची काळजी करू नये म्हणते, ते ह्यासाठी.

लोकमान्यनगर_इंदूर

आजी, तुमचं लिहिलेलं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. घंटेपाशी आल्यावर मलाच पुढे वाचवेना. मग ह्यांनी चष्मा मागून घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं. आता मार्चमध्ये मालवात दोघांचे अर्ज भरतोय, तिकडचा त्यानंतर. दिरांनाही दाखवणार आहे.

एकच राहिलं. चपला चालतात का स्वयंपाकघरात?

राजेंद्रनगरची_आजी

नाही, पुढून बंद असलेले बूट लागतात, तळवा रबरी. फरशी ओली असते. जाण्याआधी महिनाभर घालून फिरा, नवे कोरे चावतात. आणि ह्यांची औषधं आणि नी-कॅप ह्यांच्याच बॅगेत ठेवा, तुमच्या नको.