टोटल आयजीई 780 आलंय, म्हणजे मुलाला अ‍ॅमॉक्सिसिलिनची अ‍ॅलर्जी पक्की का?

तासगावची आई:
नमस्कार. मुलगा आता 7 वर्षांचा आहे. 3 वर्षांचा असताना ताप आला, घसा धरला म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिनचं पातळ औषध चालू होतं आणि 6व्या दिवशी पोटावर-पाठीवर गोवरासारखं बारीक लाल पुरळ आलं, सूज नाही धाप नाही, पोरगं खेळत होतं, 3-4 दिवसांत आपोआप गेलं. तेव्हापासून फाईलवर लाल पेनानं "पेनिसिलिन अ‍ॅलर्जी" (अ‍ॅमॉक्सिसिलिन त्याच गटातलं म्हणे) लिहिलंय ते लिहिलंय, दरवेळी दुसरंच औषध देतात. आता रक्त तपासलं तर टोटल आयजीई 780, घरचे म्हणतात बघ आता तर रिपोर्टच आला. त्याला थंडीत दमा असतो, कोपराच्या आत एक्झिमा पण आहे. उद्या न्यूमोनिया झाला आणि हेच औषध लागलं तर काय करायचं, झोप लागत नाही मला.

मिरजेची सिस्टर:
ताई, आधी घाबरू नका. पुरळ कधी आलं आणि कसं दिसत होतं यावर सगळं आहे. आयजीई म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर बनवतं ती प्रतिपिंडं, तशी आयजीईवाली खरी अ‍ॅलर्जी असली तर डोस पोटात गेल्यावर बहुतेक वेळा तासाभरातच कळतं, अंगभर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, छातीत घरघर होते, बीपी पडतं. तुम्ही सांगताय ते 6व्या दिवसाचं, सपाट पुरळ. लहान पोरांत व्हायरसच्या तापातच असं पुरळ येतं आणि नाव औषधावर जातं. एपस्टाइन-बार नावाच्या व्हायरसमध्ये तर अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं की अंगभर पुरळ उठतं, ती कायमची अ‍ॅलर्जी नसते. वॉर्डात 30 वर्षं काढली, असे लाल पेनाचे शेरे खूप बघितले, एकदा लिहिलं की कोण खोडत नाही, याचं फार वाईट वाटतं.

लॅबवाला सातारा:
रिपोर्टचं मी सांगतो. टोटल आयजीई म्हणजे रक्तातलं सगळं आयजीई एकत्र मोजलेलं, ते कशाविरुद्ध तयार झालंय हे त्यात कळतच नाही. दमा, एक्झिमा, पोटात जंत, कशानंही वाढतं, आणि तुमच्या मुलाला त्यातले दोन तर आहेतच. 1960च्या दशकात इशिझाका पती-पत्नींनी हे आयजीई शोधलं तेसुद्धा रॅगवीड नावाच्या तणाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तात, औषधाचा तिथं संबंध नव्हता. पेनिसिलिनसाठी वेगळी स्पेसिफिक टेस्ट असते, पण ती निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर कोण औषध देत नाही.

कराडकर:
आमच्या वडलांना 20 वर्षांपूर्वी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर चक्कर आली, झालं, अ‍ॅलर्जी. गेल्या वर्षी पायाला जंतुसंसर्ग झाला आणि हेच औषध हवं होतं. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी आधी त्वचेवर टेस्ट केली, मग थोडा डोस तोंडानं देऊन बसवून ठेवलं, मग पूर्ण डोस, काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाले असं लेबल लागलेल्या 100 जणांत 90हून जास्त लोकांना तपासल्यावर अ‍ॅलर्जी निघतच नाही, आणि ज्यांना खरंच होती त्यातल्याही 80 टक्के लोकांची 10 वर्षांत जाते. वडील सुईला घाबरतात हो, चक्कर त्याचीच असणार.

मिरजेची सिस्टर:
कराडकर दादांनी सांगितलं ते दवाखान्यातच, घरी चमचाभर देऊन बघू नका ताई, हात जोडते. आणि आपल्याकडं हातावर टेस्ट डोस देऊन पेनानं गोल काढतात ना, त्यावरही विसंबू नका, नुसत्या औषधाच्या चुरचुरीनंही तिथं लाल होतं. अजून एक विचारते, तेव्हा अंगावर फोड, तोंडात जखमा, कातडी सुटणं असलं काही होतं का? असेल तर ते औषध परत कधीच द्यायचं नाही, टेस्टलासुद्धा नाही.

तासगावची आई:
नाही हो सिस्टर, फोड नव्हते, तोंडात पण काही नव्हतं. तुमचं वाचून जुना मोबाईल चार्ज करून फोटो काढले, तारीख बघितली तर 6वाच दिवस. आणि त्याच फोटोत शेजारी जाऊबाईंची मुलगी बसलीय, तिच्या पण हातावर तसंच पुरळ, तिला तेव्हा तापच होता फक्त, औषध कसलंच चालू नव्हतं. 4 वर्षं हा फोटो माझ्याकडंच होता. सोमवारी मिरजेला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय, फोटो आणि फाईल दोन्ही घेऊन जाते.