अमेरिकेत खेड्यात घर: पहिला हिवाळा भाड्याने काढावा की थेट विकत घ्यावं?

रानवाट
घरून काम करता येतं म्हणून शहर सोडून अमेरिकेच्या ग्रामीण भागात जायचा विचार करणाऱ्यांसाठी हा धागा. स्वतःची विहीर आणि सेप्टिक टँक असलेलं घर पहिल्याच वर्षी घेऊ नये. आधी एक अख्खा हिवाळा त्याच परिसरात भाड्याने राहावं, असं माझं ठाम मत आहे.

शहरातला माणूस पाणी आणि वीज या दोन वेगळ्या गोष्टी धरून चालतो. खेड्यात वीज गेली की विहिरीतला पंप थांबतो आणि पाणीही जातं. तळघरातली प्रेशर टाकी (पंपाचं पाणी हवेच्या दाबाखाली साठवून नळांना देणारी) ८० गॅलनची दिसली तरी पंप न चालता तिच्यातून २०-२५ गॅलनच पाणी मिळतं, बाकी जागा हवेची. दहा-पंधरा वेळा फ्लश केलं की संपलं. गॅसवर चालणाऱ्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, पंखाही विजेवरच फिरतो, म्हणजे ऊबही गेली. प्रोपेनची टाकी भाड्याची असेल तर ती सहसा दुसऱ्या पुरवठादाराकडून भरून घेता येत नाही. शिवाय घरापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ काढलेला नसेल तर टँकर येत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली तर गळतीची चाचणी झाल्याशिवाय गॅस पुन्हा सुरू करत नाहीत, तोवर घर गोठतं. हे सगळं कर्ज डोक्यावर घेऊन शिकू नये.

कोरडवाहू
साफ असहमत. भाड्याच्या घरात सेप्टिकची टाकी घरमालक उपसतो, पंप घरमालक बदलतो. भाडेकरू वर्षभर राहून काय शिकणार? आणि त्या घराची विहीर चांगली निघाली म्हणून पुढे विकत घ्याल त्या घराची चांगली असेल असं कुठे आहे? शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

पैसा आणि वेळ तपासणीवर घाला. विहिरीची क्षमता मोजताना अर्ध्या तासाची चाचणी कधीच मान्य करू नका. ६ इंची बोअरमध्ये दर फुटाला सुमारे दीड गॅलन पाणी साठलेलं असतं. १५० फूट पाणी उभं असेल तर २२० गॅलन नुसता साठा. मिनिटाला ५ गॅलनने उपसलं तर पहिली चाळीसेक मिनिटं झऱ्याची परीक्षाच होत नाही, साठाच बाहेर येतो. निदान दोन तास, शक्य तर चार तास पंप चालवा आणि पाण्याची पातळी स्थिरावते का ते पाहा.

सेप्टिकचंही तसंच. नुसतं फ्लश करून ‘पाणी जातंय’ म्हणणारा तपासनीस नको. झाकण उघडायला लावा. उपसण्याआधी तळाचा गाळ आणि वरची साय मोजून घ्या, दोन्ही मिळून टाकीच्या एक तृतीयांशाच्या वर असतील तर उपसा लांबलेला आहे. मग उपसा चालू असताना तिथे उभे राहा. बाहेर जाणाऱ्या पाइपातून पाणी उलट टाकीत येऊ लागलं, तर पाणी मुरवणारी चरांची जागा, म्हणजे ड्रेनफील्ड, तुंबलेलं आहे. टाकी उपसणं किरकोळ काम, ड्रेनफील्ड नवं घालणं म्हणजे कंबरडं मोडणारा खर्च.

तिरफळ
कोरडवाहू, उपसा पाहण्याचा मुद्दा लाखमोलाचा. पण तुमची तपासणी एका दिवसाची आहे. ऑगस्टमध्ये जमीन कोरडी, कुठलंही ड्रेनफील्ड पास होतं. बर्फ वितळून भूजल वर येतं तेव्हा तेच फील्ड पाणी घेईनासं होतं आणि तळमजल्यावरच्या शॉवरमधून सांडपाणी वर येतं. घर काही महिने रिकामं असेल तर आणखीच फसगत, कारण मधल्या काळात जमीन सुकून जाते.

पाण्याचा नमुनाही एकदाच घेऊन भागत नाही. भोवती शेती असेल तर नायट्रेट पावसाळी दिवसांत वाढतं. सार्वजनिक पुरवठ्यासाठी मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे (नायट्रोजनच्या रूपात मोजून), पण खासगी विहिरीला तो केंद्रीय कायदा लागू नाही, तपासणं मालकाच्या अंगावर. घरात तान्हं बाळ असेल तर हे टाळूच नका. आणि नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं.

कोरडवाहू
ऋतूचा मुद्दा मान्य, भाड्याचा नाही. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) आरोग्य खात्यात सेप्टिकच्या परवान्याची फाइल सहसा मिळते, त्यात बहुधा मातीची चाचणी आणि टाकी-चरांचा नकाशा असतो. परवाना बेडरूमच्या संख्येवर दिलेला असतो. जाहिरातीत चार बेडरूम आणि परवान्यात तीन, असं दिसलं तर तिथेच थांबा.

मुक्काम पोस्ट
एक तपासणी घर पाहायला गेल्यावर कुणालाही करता येते, त्याला ना भाडं लागतं ना तज्ज्ञ. प्रेशर टाकीजवळ उभं राहून एक नळ सोडायला सांगा आणि दाबाच्या काट्याकडे बघा. ४०-६०च्या स्विचवर (दाब ४० पीएसआयला उतरला की पंप सुरू, ६० ला बंद) काटा ६० वरून सावकाश ४० वर यायला हवा, मग पंप सुरू होऊन निदान मिनिटभर चालायला हवा. दर काही सेकंदांनी ‘टक-टक’ करत पंप चालू-बंद होत असेल तर टाकीतली हवा गेली आहे किंवा आतला रबरी फुगा फाटला आहे. अशाने पंपाची मोटर लवकर जळते, आणि पंप दोन-तीनशे फूट खाली असू शकतो.

घर घेतल्यावर: पंपाची वीज बंद करा, टाकीतलं पाणी पूर्ण काढा, वरच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लावा. पंप ४० ला सुरू होत असेल तर हवा ३८ हवी. कमी असेल तर भरा. व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर फुगा फाटला, टाकीच बदला.

रानवाट
काट्याची युक्ती उत्तम, आणि कागद आधी पाहावेत हेही पटलं. तरी जनरेटरचं काय? नवखे लोक दोन्हीकडे पिना असलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडतात. ती वीज उलट ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरू शकतो. ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक (घराला एका वेळी लाइनची किंवा जनरेटरची, एकच वीज जोडू देणारी सोय) इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यायचा, जनरेटर घरापासून २० फुटांवर, धूर खिडकीकडे येणार नाही असा. या सवयी तपासणीच्या अहवालात येत नाहीत.

कोरडवाहू
त्या भाड्याच्या घरातही येत नाहीत. घरमालक भाडेकरूला वीजजोडणीला हात लावू देईल का? ट्रान्सफर स्विच स्वतःच्याच घरात बसतो. तो पहिल्या हिवाळ्याआधी, ऑक्टोबरच्या आत बसवून घ्या. पंप २४० व्होल्टचा आहे का तेही आधी पाहा, कारण नुसत्या १२० व्होल्टच्या छोट्या जनरेटरवर तो सुरूच होणार नाही.