माइनक्राफ्टमधल्या वाड्यासाठी विटा आणि काळा दगड कुठून आणावा? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-४०३: नमस्कार. आपल्या विंगमधील मुलांनी सुट्टीत माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेमच्या सर्व्हायव्हल जगात, म्हणजे जिथे सगळे साहित्य स्वतः गोळा करावे लागते तिथे, वाडा बांधायला घेतला आहे. उतरत्या छपरासाठी त्यांना विटांचे सुमारे ४०० जिने-ठोकळे (पायरीच्या आकाराचे ठोकळे) हवे आहेत आणि जवळच्या नदीतली चिकणमाती संपली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ए-१०२: ताई, क्रिएटिव्ह मोड सुरू केल्यास सर्व साहित्य अमर्याद मिळते. सुट्टी संपायच्या आत वाडा उभा राहावा असे वाटत असेल, तर तोच मार्ग सोयीचा आहे.

सी-७०१: दादा, सोय होईल हे खरे, परंतु मुलांनी तसे करू नये असे मला मनापासून वाटते, कारण जमीन काय देते ते पाहून बांधकाम ठरवणे हाच या खेळाचा गाभा आहे.

आधी विटांचा हिशेब पाहू. चिकणमातीच्या एका ठोकळ्यातून चार गोळे निघतात, प्रत्येक गोळा भट्टीत भाजला की एक वीट होते आणि चार विटांचा पुन्हा एक ठोकळा होतो. म्हणजे ४०० ठोकळ्यांसाठी १,६०० वेळा भाजणी आली, आणि एका कोळशावर आठच नग भाजले जात असल्यामुळे २०० कोळसे लागले. त्यातही साध्या क्राफ्टिंग टेबलावर सहा ठोकळ्यांतून चारच जिने मिळतात, तर स्टोनकटरवर, म्हणजे दगड-विटा कापायच्या यंत्रावर, एका ठोकळ्याचा एक जिना मिळतो. एक लोखंडी कांब आणि तीन दगड खर्चून स्टोनकटर आधी करून घेतला, तर २०० ठोकळे माती वाचेल.

माती शोधताना नदीकाठी फिरत बसण्यापेक्षा अझेलियाचे, म्हणजे गुलाबी फुले मिरवणारे, झाड कुठे दिसते ते पाहावे. त्याच्या खाली मुळांनी भरलेली माती सरळ खोल जाते आणि ती जिथे संपते तिथे लश केव्ह, म्हणजे हिरवीगार गुहा असते. तिच्या डबक्यांच्या तळाशी आणि काठाशी चिकणमाती भरपूर सापडते.

बी-४०३: बॅडलँड्समध्ये, म्हणजे खेळातल्या तांबड्या ओसाड प्रदेशात, तांबडा टेराकोटा (भाजलेल्या मातीचा ठोकळा) थेट खणून मिळतो, असे मुलगी म्हणते. तो चालेल का?

सी-७०१: भिंतींसाठी उत्तम, कारण त्याला भाजणीच लागत नाही. छपराला मात्र चालणार नाही, कारण टेराकोटाचे जिने होत नाहीत आणि जिन्यांशिवाय उतार नीट साधत नाही.

ए-१०२: जोत्याचे काय? आपल्याकडच्या वाड्यांची जोती काळ्या पाषाणाची असतात आणि खेळातला बसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, तर नेदर या पाताळासारख्या धोकादायक जगात मिळतो.

सी-७०१: एवढ्यासाठी नेदरमध्ये जाण्याची गरज नाही. २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून जगाचा तळ उणे ६४ पातळीपर्यंत खोल गेला आहे आणि शून्य पातळीखाली बहुतेक सगळीकडे डीपस्लेट नावाचा दगड लागतो. त्याचा रंग काळपट राखाडी असून तो जोत्याला शोभून दिसतो. शिवाय त्याच्या विटा स्टोनकटरवर थेट कापून मिळतात, त्यामुळे सगळा कोळसा छपरासाठी शिल्लक राहतो.

खाली उतरताना मुलांनी मशाली नेहमी डाव्या हाताच्या भिंतीवर लावाव्यात, म्हणजे परतताना त्या उजवीकडे ठेवून वाट न चुकता वर येता येईल.