अनुभव धागा: दुकानात सहसा न दिसणारे बैठे खेळ

परवा आईचं लोखंडी कपाट आवरताना मागच्या कप्प्यात सरकत्या झाकणाची लाकडी पेटी सापडली. आत गोल पानं, म्हणजे जुने पत्ते. आजोबांची दशावतारी गंजिफा! १२० पैकी ११३ निघाली. वराहाचा प्रधान नाही, बाकीची सहा किरकोळ.

आजोबा सावंतवाडीचे. मे महिन्यात माजघरात चादर अंथरायची, त्यावर पानं पालथी घालून दोन्ही हातांनी कालवायची. खेळायला तिघं, प्रत्येकी ४० पानं. दहा अवतारांचे दहा रंग. दिवसा उतारी, म्हणजे डावाची सुरुवात, रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. दिवेलागणीला आम्ही मुलं अंगणात जाऊन उजेड बघून यायचो आणि ओरडायचो, "अजून रामच!" पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, हे डोक्यात बसायला मला दोन सुट्ट्या लागल्या.

ही पानं सावंतवाडीच्या चितार आळीत हातानं रंगवलेली. अशा थोडक्या माणसांनी जीव लावून केलेल्या वस्तूची गोडी वेगळीच असते. म्हणून विचारते, छोट्या प्रकाशकाचा, फारसा कुणाला माहीत नसलेला एखादा खेळ तुमच्या घरात रुजलाय का? नुसतं नाव नको, खेळताना काय घडलं ते लिहा.

ओंजळ: डीप सी अ‍ॅडव्हेंचर!! जपानच्या ओइंक गेम्सचा. डबी तळहातात मावते. सगळे पाणबुडे, पण हवेची टाकी एकच, २५ ची. तुम्ही जितका खजिना उचलाल तितकी तुमच्या प्रत्येक पाळीला हवा घटते, आणि ती सगळ्यांचीच. फाशावर तीनच्या वर आकडा नाही, म्हणजे ओझं घेऊन वर येणं महाकठीण. आमचे सासरे कधी मागे वळतच नाहीत. लेक किंचाळते, "आजोबा, वळा!" आता मंडईत त्यांनी तिसरी मेथीची जुडी उचलली तरी आम्ही हेच म्हणतो.

सांजवात: आजोबा वळा 😂😂 आमच्याकडे पण लागू

दूरदेशी: बाळ नुकतंच झोपलंय, पटकन लिहिते. बटन शाय, इथलेच न्यू जर्सीचे. त्यांचे खेळ पाकिटात येतात, १८ पत्ते बस्स. माझा आवडता स्प्रॉलोपोलिस, पत्ते जोडत शहर वसवायचं. तीन पत्ते उलटे ठेवायचे, त्यावर गुण कशाचे ते लिहिलेलं, आणि त्या तिघांवरच्या आकड्यांची बेरीज गाठायची. एकटीला खेळता येतो. बाळंतपणानंतर रात्री अडीचला सगळं घर झोपलेलं असायचं तेव्हा ओट्यावर मांडून बसायचे. रस्ता नीट जुळला की फार बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच एक काम पुरं झालेलं असायचं. उठलं वाटतं. येते

काजूबोंड: दूरदेशी ताई, जपा. सावकाश लिहा. झोप मिळते ना आता?

नदीकाठ: शासन. मेमेसिस कल्चर लॅबचा, आपल्याकडचाच, २०१९ मध्ये लोकवर्गणीतून आलेला. प्रत्येक जण राजकारणी. पाळीला एक प्रश्न येतो, उत्तराप्रमाणे पैसा, दबदबा, प्रसिद्धी नाहीतर विश्वास मिळतो आणि त्यातून मतदार जमवायचे. बाबा आणि मी तीन वर्षं निवडणुकीचा विषय टाळत होतो. गणपतीत मांडला. बाबांना प्रसिद्धी हवी होती म्हणून त्यांनी स्वतःच्या मताच्या बरोबर उलट उत्तर दिलं आणि मग बराच वेळ पत्ता हातात धरून गप्प बसले. त्या रात्री आम्ही दीडपर्यंत बोललो. मोठा खेळ आहे, सहज दोन तास जातात, पण घ्याच.

काजूबोंड: मला खेळ सुचवता येणार नाही पण सांगते, पावसात कोकणात पत्ते फुगतात. बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या फेकू नका, खेळाच्या डब्यात टाका.

सांजवात: आणि खेळताना तेलकट शेंगदाणे बंद! माझ्या स्काउटच्या सातावर कायमचा अंगठा उमटलाय. (हाही ओइंकचाच. हातात आलेल्या पत्त्यांचा क्रम बदलायचा नाही. रमी खेळणाऱ्यांचे हात अक्षरशः शिवशिवतात. माझ्या मावशीला तर पहिल्या डावात हातावर हात ठेवून बसवावं लागलं.)

ओंजळ: मग खायचं काय?

सांजवात: सुके चुरमुरे. नाहीतर काट्याने खा.

ओंजळ: चुरमुरे काट्याने?? 😄

माळरान: हे सगळे बाहेरचे खेळ मागवता कसे? मी एकदा एका ठिकाणाहून मागवला, खोका चेपलेला आला, नियमांचं पुस्तकच नाही, पत्राला उत्तरही नाही. मुलगा वाढदिवसाला रडला. प्रकाशकाला लिहिलं तर त्यांनी मात्र नियम लगेच पाठवले. छोट्यांचं हे फार आवडतं, पत्र वाचणारा माणूस तोच असतो ज्याने खेळ केलाय.

नदीकाठ: माळरान, ओळखीचं कुणी येत असेल तर त्याच्या बॅगेतून. ओइंकच्या डब्या मोज्यात बसतात.

कौलारू: धागाकर्तीसाठी. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा अजून रंगवतात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात बुडत चाललेली ही कला तिथे पुन्हा उभी केली. तुमचं एक पान घेऊन जा, रंग आणि माप बघून सुटी सात पानं करून देतील का विचारा. आणि चितार आळीत लाकडी फळं बघितल्याशिवाय परतू नका.

धागाकर्ती: कौलारू, खूप आभार. पुढच्या महिन्यात आजोळी जातेच आहे, अख्खी पेटी घेऊन जाते. काल रात्री आई, लेक आणि मी बसलो. आईला चाळीस वर्षांनी उतारीचा नियम पाठ! हरवलेली सातही पानं लेकीने पुठ्ठ्याची कापून केलीत. वराहाच्या प्रधानाला तिने आजोबांचा चष्मा काढलाय.

सांजवात: फोटो टाका ना!